जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी स्टार्ट होत नाही? इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप बदलण्याआधी हे तपासा

एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) तोंडात बघत थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरचा दांडा, हाताने ओढा. पेट्रोलची बारीक धार उडाली, तर पेट्रोल पोचतंय; मग ठिणगी पाडणारे प्लग-पॉइंट बघा. धार नसेल तर पुढे चला.

इग्निशन कॉइलला (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या डब्याला) येणारी बारीक वायर काढून टेप लावा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरकडे जाणारा पाइप बाटलीत सोडा आणि स्टार्टर मारायला सांगा. ठोक्याठोक्याने जोरात पेट्रोल पडलं तर दोष कार्बोरेटरच्या नीडल व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पेट्रोल आत सोडणाऱ्या झडपेत.

काहीच पडलं नाही, की मेकॅनिक हमखास म्हणतो, ‘पंप गेला.’ त्याचं लगेच ऐकू नका. नवा पंप बसवूनही गाडी तशीच उभी राहते, हे मी फार वेळा पाहिलंय. टाकी मागे, पंप पुढे इंजिनवर. मधल्या पाइपातून पंप पेट्रोल ओढून घेतो. रबराला चीर असेल तर तिथून पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत शिरते. खाली कोरडं दिसतं म्हणून पाइपावर कोणी संशयच घेत नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याला टिकत नाही.

म्हणून टाकीकडून येणारा पाइप पंपावरून काढा, त्याचं तोंड बंद करा. पंपाला नवा आखूड पाइप लावून दुसरं टोक पेट्रोलच्या बाटलीत बुडवा आणि पुन्हा स्टार्टर मारा. आता पेट्रोल आलं तर पंप निर्दोष. मागचे सगळे रबरी तुकडे बदला, टाकीतली जाळी साफ करा, झाकणाचं हवेचं छिद्र मोकळं आहे ना बघा. तरीही नाही आलं, तरच पंप उघडा. डिपस्टिकला (इंजिन ऑइल मोजायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास येत असेल तर पंपातला डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ओढणारा पडदा, फाटलाय. ऑइल बदलल्याशिवाय इंजिन अजिबात चालवू नका.

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. वर्धा रोडवर सिग्नलला बंद पडलेली गाडी तासाभराने आपोआप सुरू झाली, तर पेट्रोलची वाफ पाइपात अडकली होती असं समजा. पंपावर ओला फडका ठेवा. पाइप एक्झॉस्टपासून लांब घ्या.

आणि एक कळकळीने सांगतो: स्टार्टर मारताना कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतू नका. इंजिनने उलटा भडका मारला तर हात भाजतो, कधी गाडीही पेटते.