छोट्या जातीचा कुत्रा घेताय? या चुका टाळा

'छोटा आहे, सांभाळायला सोपा' एवढ्याच हिशेबावर लोक शिह त्झू, पॉमेरेनियन, माल्टीज घरी आणतात. या जाती सहज 12 ते 15 वर्षं जगतात आणि केसांपासून दातांपर्यंत रोज लक्ष मागतात. तेवढी तयारी नसेल तर कृपा करून घेऊ नका.

पहिली घोडचूक निवडतानाच होते. सगळ्यांना सर्वांत इवलंसं पिल्लू हवं असतं आणि विकणारा तेच 'टीकप' म्हणून पुढे करतो. टीकप नावाची कुठलीही मान्यताप्राप्त जात नाही. असं पिल्लू बरेचदा कमजोर असतं, नाहीतर आईपासून लवकर तोडलेलं. 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू मी ओळखीत कुणालाच घेऊ देत नाही. एवढ्याशा जिवाचं पोट काही तास रिकामं राहिलं तरी रक्तातली साखर उतरते. मग ते लटपटतं, मलूल पडतं, झटकेही येतात. अशा वेळी हिरड्यांना थोडं साखरेचं पाणी चोळा आणि तडक डॉक्टर गाठा. एरवी दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला घाला. आणि हो, पिल्लाची आई दाखवायला टाळाटाळ झाली की तिथून उठून यायचं.

दुसरी चूक म्हणजे विंचरण्याआधी आंघोळ. एक शिह त्झू माझ्याकडे केस नीट करून घ्यायला आला होता. त्याच्या मालकीणबाई रोज ब्रश करायच्या, पण वरवर. कानामागे, काखेत गाठी झालेल्या. पाण्याने सुटतील म्हणून त्यांनी त्याला न्हाऊ घातलं. ओल्या गाठी वाळताना आणखी आवळतात. कानामागे केसांचा असा थर बसला होता की खाली बोट शिरेना. मशीनने तो काढला तर आतली कातडी लालभडक, ओलसर, वास मारणारी. मशीन जवळ नेलं की बिचारा थरथरायचा.

मी केसांचा एकेक थर उचलून मुळापासून ब्रश करते, मग स्टीलची फणी फिरवते. फणी कुठेही अडकली नाही तरच पाणी. गाठीला कात्री लावू नका, तिच्यासोबत कातडी ओढली जाऊन कापते. रोज वेळ नसेल तर शिह त्झूचे केस सरळ आखूड ठेवा. पॉमेरेनियनला मात्र उन्हाळा आला म्हणून भादरू नका. त्याच्या केसांचे दोन थर असतात, भादरल्यावर कधी कधी ते पुन्हा नीट येतच नाहीत.

गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावून ओढू नका. श्वासनलिका नाजूक असते, हार्नेस म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा वापरा.

सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका, गुडघ्याची वाटी सरकू शकते.

पग या चपट्या नाकाच्या जातीच्या कुत्र्याला भर उन्हात फिरवणं जिवावर बेतू शकतं.

दात रोज घासा, तेही कुत्र्यांच्याच पेस्टने. दात स्वच्छ करण्याच्या खाऊवर भागवणारे माझ्याकडे कितीतरी येतात, आणि त्यांच्या कुत्र्यांच्या दाढांवर किटण चढलेलं असतं. सात महिन्यांनंतरही दुधाचा सुळा नव्याशेजारी उभा दिसला तर डॉक्टरांकडून काढून घ्या.