लाल वाइनची द्राक्षं लावताय? या चुका टाळा

वाइनच्या बागेतली सगळ्यात महागडी चूक रोपं बुक करतानाच होते. बाटलीवरचं नाव आवडलं म्हणून जात लावायची आणि मग पुढची पंधरा वर्षं डाऊनी या बुरशीच्या रोगाशी भांडत बसायचं.

उदाहरणार्थ पिनो न्वार. फ्रान्समधल्या बर्गंडीच्या थंडीतली जात. साल पातळ, घड आवळलेल्या मुठीसारखा. तिकडे द्राक्ष पिकतं ते उन्हाळ्याकडून थंडीकडे जाताना. आपल्या दिंडोरी-निफाडला ऑक्टोबर छाटणीनंतर बरोबर उलटं: थंडीत मणी फुगतात आणि पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी पिकायला लागल्यावर, ऊन वाढत जातं. साखर धावते, आम्लता पडते, रंग मागे राहतो. साखरेचं माप, म्हणजे ब्रिक्स, 24 दाखवतं आणि मणी फोडला तर बी हिरवीच.

म्हणून जात ठरवण्याआधी कुणाच्या तरी बागेतला पिकलेला घड हातात घेऊन हलकेच वाकवा. मधला देठ दिसला पाहिजे. मणी एकमेकांना चिकटून बसले असतील तर अवकाळीचं पाणी आत अडकतं, मणी तडकतात आणि दोन दिवसांत आंबूस वास येतो. झिनफँडेलचं हेच दुखणं; वर एकाच घडात मनुका झालेले मणी आणि कच्चे मणी शेजारी शेजारी.

कॅबर्ने सॉव्हिन्यॉ या कसोटीला उतरतं: मणी लहान, साल जाड, घड मोकळा. पण भुरी या बुरशीच्या रोगाला बळी पडतं आणि उशिरा येतं, हे धरूनच चाला.

शिराजला रंग छान येतो, पण पिकल्यावर थांबत नाही. एका वर्षी आमच्याकडे तोडणीची गाडी चार दिवस उशिरा आली. तेवढ्यात मणी सुरकुतले, वजन घटलं आणि पैसे मिळाले वजनावर.

खाण्याच्या द्राक्षाच्या सवयी इथे आणू नका. मणी फुगवणारं संजीवक जीए नकोच, मोठा मणी करायचाय कुणाला! भारी काळ्या जमिनीत डॉगरिज खुंटावर (खुंट म्हणजे ज्या मुळाच्या वेलावर कलम करतात तो) वेल माजतो, पानांच्या गर्दीत ओल राहते. 110 आर खुंट जरा आवरता राहतो. उत्तर-दक्षिण ओळींत घडाजवळची पूर्वेची पानं काढा म्हणजे दव लवकर सुकेल. पश्चिमेची मात्र ठेवा, दुपारच्या उन्हात मणी भाजतात.

आणि कोणती जात, किती ब्रिक्सला, गाडी कधी, हे वाइनरीकडून रोपं आणण्याआधीच लेखी घ्या.