सार्वजनिक वेबकॅम नेमका शोधण्यासाठी

शोधपेटीत नुसते ‘लाइव्ह वेबकॅम’ टाकले, की जाहिरातींचीच गर्दी पुढे येते. त्याऐवजी कॅमेरा चालवणाऱ्या संस्थेच्याच संकेतस्थळापुरता शोध मर्यादित करावा. त्यासाठी रोमन लिपीत ‘साइट’ हा शब्द, त्याला लागून अपूर्णविराम आणि मध्ये जागा न सोडता ‘एनपीएस डॉट जीओव्ही’ हा अमेरिकी राष्ट्रीय उद्यान सेवेचा पत्ता लिहून पुढे ‘वेबकॅम’ हा शब्द द्यावा. त्यातच ‘ओल्ड फेथफुल’ हे शब्द दुहेरी अवतरणात घातले, तर यलोस्टोनमधील त्या प्रसिद्ध उष्ण कारंज्याचे थेट चित्रण असलेले पान सहज सापडते. मात्र तेथील घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा तास मागे असल्याने भारतात दुपारी पाहिल्यास पडद्यावर केवळ अंधार दिसेल. रात्री नऊनंतर पाहणे बरे.

‘इनटायटल’ हा आदेश पानाच्या शीर्षकातील शब्द शोधतो, तर शब्दाला लागून आधी दिलेले वजाचिन्ह नको असलेले निकाल वगळते. याच आदेशांनी कोणाच्या घरातील, चुकून उघडा राहिलेला कॅमेराही सापडू शकतो. असे पान दिसल्यास ते तात्काळ बंद करावे, कारण मालकाच्या परवानगीविना संगणकप्रणालीत शिरणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 43 खाली येते. स्वतःच्या कॅमेऱ्याचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्डही आजच बदलावा आणि राउटरमधील अनावश्यक पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे इंटरनेटवरून घरातील उपकरणापर्यंत थेट वाट उघडणारी सोय, बंद करावे.