हॅमस्टर घरी आणण्याआधी : सोलापुरातल्या घरासाठी तयारीची यादी

हॅमस्टर घरी आणण्याच्या किमान पंधरा दिवस आधी त्याचे घर तयार असावे आणि त्यांपैकी आठ दिवस ते रिकामे ठेवून आतल्या तापमानाची नोंद घेतलेली असावी. सोलापूरकरांसाठी या यादीतली हीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे. सोनेरी हॅमस्टर मूळचा सिरियातला, म्हणून आपल्याकडचे ऊन त्याला सहज मानवेल, असे पुष्कळांना वाटते. आज घरोघरी दिसणारे जवळजवळ सर्व सोनेरी हॅमस्टर 1930 साली अलेप्पोजवळच्या एका बिळातून काढलेल्या मादीचे आणि तिच्या पिलांचे वंशज आहेत. पण ते बीळ जमिनीखाली खोल होते, हे विसरले जाते. हा प्राणी रानात अर्धा ते एक मीटर खोलीवरच्या थंड मातीत दिवसाची झोप घेतो, त्यामुळे दुपारचे ऊन त्याच्या अंगाला लागतच नाही. त्याला साधारण 20 ते 24 अंश तापमान सुखाचे असते, आणि तिशीच्या पुढे उष्माघाताचा धोका खरोखर सुरू होतो.

म्हणून पेटीच्या आधी खोली निवडावी. मी पहिल्यांदा रिकामी पेटी पश्चिमेच्या भिंतीलगत टेबलावर ठेवली होती. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी चार वाजता आतला तापमापक 34 दाखवत होता, आणि स्लॅब तापलेला असल्यामुळे रात्री दहा वाजतासुद्धा तो 32 च्या खाली उतरला नाही. तीच पेटी मधल्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीशी, जमिनीपासून वीतभर उंच पाटावर ठेवल्यावर दुपारचा आकडा 28 वर आला. खिडकीतल्या कूलरची हवा पेटीवर थेट सोडू नये, कारण ओलसर हवेने आतला कागद दमट होतो आणि त्याला बुरशी धरते. वीज गेल्यावर उपयोगी पडावी म्हणून बर्फ झालेली पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये कायम ठेवावी आणि ती पंच्यात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवावी. एवढे करूनही मे महिन्यात ज्या घरातली एकही खोली तिशीच्या खाली राहत नाही, त्या घराने हा प्राणी आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणायचाच झाला तर दिवाळीनंतरच्या दिवसांत आणावा. मात्र जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाचा आवाज ज्या खोलीत घुमतो, ती खोली टाळावी.

पेटीची लांबी निदान 100 सेंटिमीटर, रुंदी 50 आणि उंची 50 असावी. बाजारात मिळणारे रंगीत मजल्यांचे पिंजरे यापेक्षा फार लहान असतात. शिवाय या प्राण्याची नजर अधू असल्याने तो वरच्या मजल्यावरून पडून पाय मोडून घेतो. जुनी चार फुटी फिश टँक मिळाली तर काम सोपे होते, फक्त तिची रुंदी मोजून घ्यावी. नाहीतर सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घ्यावी, जिच्या पुढच्या बाजूला काच आणि वर जाळीचे झाकण असेल. वाळवीचे औषध मारलेले लाकूड वापरू नये आणि आतून लावलेल्या पॉलिशचा वास पूर्ण गेल्याशिवाय पेटी वापरात घेऊ नये. पत्र्याची पेटी आपल्याकडे भट्टी होते, तिचा विचारही नको. जाळीची भोके एक सेंटिमीटरपेक्षा मोठी नसावीत, तिच्या कापलेल्या कडांवरून बोट फिरवून टोचते का ते पाहावे आणि झाकणाला कडी बसवावी. ही कडी जितकी हॅमस्टर बाहेर पडू नये म्हणून, तितकीच मांजर आत जाऊ नये म्हणून आहे.

आता अंथरूण. पेटीच्या निदान अर्ध्या भागात ते 25 सेंटिमीटर खोल असावे, कारण या प्राण्यासाठी घर म्हणजे बीळच. शंभर बाय पन्नासच्या पूर्ण पेटीत एवढी खोली भरायला 125 लिटर सामान लागते, आणि दाबल्यावर ते बसते, म्हणून विकत घेताना हात आखडता घेऊ नये. न छापलेला, वास नसलेला कागदी लगदा उत्तम. त्यात मऊ वाळलेले गवत मिसळले की बिळाचे छत टिकते. हे गवत आधी दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवावे, म्हणजे त्यातले किडे मरतात. वखारीतला भुसा घेऊ नये, कारण त्यात पाइन किंवा देवदार असेल तर त्यातली तेले त्याच्या श्वासाला आणि यकृताला बाधतात, आणि बारीक धूळ तर असतेच. भरताना हाताने थर दाबत जावे आणि शेवटी मूठ खुपसून बोगदा करून पाहावा. हात काढल्यावर तो तसाच राहिला, तर भरण नीट झाले.

सोलापुरात एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. चादरी आणि टॉवेलच्या या गावात सुताचे तुकडे आणि कापूस फुकट मिळतो, आणि घरट्यासाठी त्याहून मऊ काय असणार, असे कोणालाही वाटेल. पण तो दोरा पायाला आवळून रक्तपुरवठा थांबवतो, आणि गालाच्या पिशवीत भरलेला कापूस पोटात गेला तर आतडे बंद होते. सुताऐवजी साधा टिश्यू पेपर फाडून एका कोपऱ्यात ठेवावा. हॅमस्टर त्याच्या घड्या करून गालात कोंबून नेतो आणि आपले घरटे स्वतः लावतो.

जड वस्तू कधीही अंथरुणावर ठेवू नयेत, कारण खालून बीळ खणले गेले की त्या अंगावर बसतात. त्या लाकडी पायांच्या छोट्या पाटावर, थेट पेटीच्या तळाला टेकवून ठेवाव्यात. अशा पाटावर शहाबादी फरशीचा वीतभर तुकडा ठेवला, तर उन्हाळ्यात हॅमस्टर तिच्यावर पोट टेकून पसरतो. फरशीच्या कडा मात्र घासून गुळगुळीत कराव्यात. सोनेरी हॅमस्टरसाठी चाक 28 सेंटिमीटर व्यासाचे आणि बुटक्या जातींसाठी 20 सेंटिमीटरचे असावे. धावताना पाठ वाकडी होत असेल तर चाक लहान आहे. त्याच्या पायऱ्या उघड्या सळ्यांच्या नसाव्यात. अंग घासायला उथळ वाडग्यात वाळू लागते. बांधकामाची वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवावी, चाळावी आणि कढईत भाजून गार करावी; बारीक पावडर देऊ नये.

खाण्याची सोय आपल्याकडे सहज होते. मंगळवेढ्याची ज्वारी, बाजरी, राळे, भोपळ्याच्या बिया आणि मोजक्याच सूर्यफुलाच्या बिया यांचे मिश्रण रोज एक-दोन चमचे पुरते. कडक भाकरीचा तुकडा द्यायचा असेल तर बिनमिठाचा द्यावा. शेंगाचटणी, कांदा, लसूण, लिंबूवर्गातली फळे आणि चॉकलेट यांपैकी काहीही त्याच्यापर्यंत पोहोचू देऊ नये. पाण्याची नळीची बाटली रोज बदलावी आणि नळीतला गोळा अडकलेला नाही ना, हे बोट लावून पाहावे. नळाला पाणी रोज येत नसल्याने साठवलेले पाणी झाकून ठेवलेलेच घ्यावे.

जनावरांच्या डॉक्टरांपैकी असा छोटा प्राणी कोण तपासतो, हे आधीच विचारून नंबर लिहून ठेवावा. शेपूट ओले करणाऱ्या पातळ जुलाबात एका दिवसाचाही उशीर परवडत नाही. दोन हॅमस्टर एकत्र ठेवण्याचा मोह, विशेषतः सोनेरी जातीचे, कोणी कितीही सांगितले तरी आवरावा, कारण मोठे झाल्यावर ते एकमेकांना जीव जाईपर्यंत चावतात.

आणायच्या दिवशी दुकानातल्या त्याच्या जागेतले मूठभर जुने अंथरूण मागून घ्यावे आणि ते नव्या पेटीत घरट्याजवळ पसरावे, म्हणजे त्याला ओळखीचा वास सापडतो. प्रवास सकाळी लवकर किंवा दिवे लागल्यावर करावा. पेटीत सोडल्यावर कडी लावावी, एका बाजूने चादर टाकावी आणि मुलांना तीन-चार दिवस हात न लावण्याचे समजावून सांगावे. पहिल्या रात्री उशिरा अंथरुणात सरसर आवाज आला, की त्याने खणायला सुरुवात केलेली असते.