सोलर हीटरच्या टाकीसाठी थर्मिस्टर: नुसतं ‘टेन के’ सांगून भागत नाही

पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरवर ‘टेन के थर्मिस्टर’ (तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर) मागितला की लगेच नग हातात पडतो. त्याआधी बीटा विचारा. १०के म्हणजे २५ अंशांना १० किलोओहम, एवढंच. पाणी तापेल तसा एनटीसीचा (म्हणजे तापला की रोध घटणाऱ्या थर्मिस्टरचा) रोध किती झपाट्याने उतरतो, ते बीटावरून ठरतं.

३४३५ आणि ३९५० या दोन्ही बीटांचे नग सर्रास मिळतात. ८० अंशांना ३९५०चा रोध साधारण १.२७ किलोओहम, तर ३४३५चा १.६६. तापमान वाचणाऱ्या कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये ३९५० लिहून ३४३५चा नग जोडलात, तर ८० अंशांचं पाणी ७२च्या आसपास दिसेल. खोलीच्या तापमानाला मात्र दोन्ही बरोबर, म्हणून ही चूक टेबलावर सापडत नाही.

बीटा कळत नसेल तर थर्मासमध्ये बर्फ ठेचून भरा, थोडं पाणी घाला, नग पातळ पिशवीत गुंडाळून दहा मिनिटं आत ठेवा. मल्टिमीटरवर ३२-३३ किलोओहम आले तर ३९५०, २७-२८ आले तर ३४३५. उकळत्या पाण्यातही तपासा, पण पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. १०० धरलंत तर दोन अंशांची चूक स्वतःच घालाल.

५डी-९, १०डी-९ अशा थर्मिस्टरच्या चकत्या घेऊ नका. १०डी-९ हा १० ओहमचा नग, पॉवर सप्लाय चालू होतानाचा करंटचा झटका अडवायला असतो.

थर्मिस्टरला सिरीजमध्ये लावायचा जोडीचा रेझिस्टर १०केच हवा असं नाही. आपल्याला ४० ते ७० अंश नीट वाचायचे आहेत. ५५ अंशांना ३९५०चा रोध सुमारे ३ किलोओहम होतो, म्हणून ३.३के लावा, तोही १ टक्क्याचा. ५ टक्क्यांच्या रेझिस्टरने दीड अंशाची चूक सहज होते. डिव्हायडरला (थर्मिस्टर आणि रेझिस्टरच्या या जोडीला) आणि एडीसीच्या (व्होल्टेज मोजून आकडा देणाऱ्या भागाच्या) रेफरन्सला एकच ३.३ व्होल्ट द्या, म्हणजे सप्लाय हलला तरी रीडिंग हलत नाही. एडीसीच्या पिनपाशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर हवाच.

गच्चीपासून १५ मीटर वायर आली तरी तिचा रोध ओहमभरच, म्हणजे अंशाच्या शतांशांची बाब. खरा घात पाणी करतं. प्रोबच्या (थर्मिस्टर बसवलेल्या नळीच्या) तोंडातून ओल शिरली की रोध घटतो आणि पाणी आहे त्यापेक्षा गरम दिसतं. स्टीलचा प्रोब, सिलिकॉन वायर, टाकीत प्रोब बसतो त्या पॉकेटमध्ये थर्मल पेस्ट, आणि वायर खालच्या बाजूने वळवून घेतलेली.

वायर तुटली तर उलट होतं: रोध अनंत, म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी पाणी बर्फासारखं गार, आणि बॅकअप कॉइल (टाकीतला विजेचा हीटर) चालूच राहते. म्हणून रोध १०० किलोओहमच्या वर किंवा ३०० ओहमच्या खाली गेला की कॉइल बंद, असं लिहून ठेवा. कॉइलच्या लाइनमधला मेकॅनिकल थर्मोस्टॅट कधीही काढू नका.