लाकडी आच्छादन घालण्याआधी

मातीवर आच्छादन म्हणून देवदाराच्या किंवा सीडरच्या ढलप्या घातल्या की बाग कीडमुक्त होईल, ही आशा आधी सोडा. त्या लाकडातलं तेल मुंग्यांसारख्या काही कीटकांना नकोसं वाटतं, हे खरं. पण पानांवर बसणाऱ्या माव्याला जमिनीवरच्या वासाशी काही देणंघेणं नसतं. शिवाय ऊन-पावसात तो वास उडतोच.

ढलप्या कुठल्या लाकडाच्या आहेत ते विचारून घ्या. रंगवलेलं, पॉलिश केलेलं किंवा वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेलं लाकूड नको. काळ्या अक्रोडाचंही नको, त्यातल्या जुग्लोन नावाच्या रसायनामुळे टोमॅटो मान टाकतो. पोतं उघडल्यावर नाक जवळ न्या. ताज्या लाकडाचा वास आला तर ठीक. व्हिनेगरसारखा आंबूस भपकारा आला, तर ढीग आतून हवेविना कुजलाय. तो तसाच घातला तर कोवळी रोपं करपतात, म्हणून पातळ पसरून वास जाईपर्यंत हवा लागू द्या.

माप आधीच काढा. एक चौरस मीटरवर 5 सेंमी थर म्हणजे 50 लिटर माल, म्हणजे दोन बाय तीन मीटरच्या वाफ्याला 300 लिटर. 5 ते 8 सेंमी पुरे. जास्त जाड थर खाली ओला राहतो आणि गोगलगायींना, पैसा नावाच्या बहुपाद किड्यांना आयतं घर मिळतं. मग आपण कीड हाकलली की पाहुणे बोलावले?

खुरपं, दंताळं, घमेलं आणि हातमोजे जवळ ठेवा. तण मुळासकट काढा, पाणी द्या, मगच पसरा. नुकतं बी पेरलं असेल तर रोपं वीतभर होईपर्यंत थांबा. भुगा मातीत कालवू नका, तो कुजताना नत्र ओढून घेतो आणि पानं पिवळी पडतात. वर पसरलेल्या ढलप्यांचा तसा त्रास जवळजवळ होत नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते खोडापाशी. ढलप्यांचा डोंगर खोडाला टेकवला की साल ओली राहून कुजते. चार बोटं जागा मोकळी सोडा. घराच्या भिंतीपासून तर वीतभर लांबच राहा, ओल्या आच्छादनाखालून वाळवी गुपचूप भिंतीपर्यंत येते.

शेवटी एक बॅटरी हाताशी असू द्या. पहिल्या आठवड्यात रात्री दोन-तीनदा ढलप्या उचलून पाहायच्या आहेत. कोळी आणि काळे भुंगेरे दिसले तर त्यांना हात लावू नका, ते तुमच्याच बाजूचे.