शेक घेतलेल्या जागेवर डाग दिसला तर: दवाखान्यात जाण्याआधीची तयारी

स्तनाच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, घेऊन पाच-सात वर्षं झालेली असतात आणि त्याच बाजूच्या कातडीवर मुका मार लागल्यासारखा निळा-जांभळा डाग दिसतो. कुठं आपटल्याचं आठवत नाही, दुखतही नाही. तो अँजिओसार्कोमा असू शकतो: रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उठणारा, आधीच्यापेक्षा वेगळाच कॅन्सर. शेक घेतलेल्या हजार बायकांत साधारण एखादीला होतो. त्याच्या भीतीनं कुणी शेक टाळू नयेत. स्तन वाचवून केलेल्या ऑपरेशननंतर आजार परतण्याचा धोका शेकानं जवळपास निम्मा होतो. पण डाग हटत नसेल, पसरत असेल किंवा त्यावर पुळी आली असेल, तर हळदीचा लेप नको, मालिश नको. तयारीला लागा.

आजच दिवसाउजेडी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. मग जुनी फाईल. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. शेकाचा कागद हवा: कुठली बाजू, कुठलं साल, किती ग्रे (शेकाच्या डोसाचं माप). सापडत नसेल तर जिथं शेक घेतले तिथं अर्ज द्या आणि ऑपरेशनच्या स्लाईड व ब्लॉकही (काढलेल्या गाठीचे जपून ठेवलेले नमुने) मागून ठेवा. पुढं परळच्या टाटाला जायची वेळ आली, तर महालक्ष्मी एक्सप्रेसच्या दिवशी कोल्हापूरभर पळापळ नको. आधार आणि रेशन कार्ड त्याच पिशवीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नावं लिहून न्या, मनानं बंद करू नका. सोबत बहीण किंवा सून असू द्या. लेकासमोर छाती दाखवायला बायका संकोचतात, आणि डाग डॉक्टरांनी डोळ्यांनी बघायलाच हवा.

सगळ्यात महत्त्वाचं, दोन वाक्यं पाठ करून जा: “याच बाजूला शेक घेतलेत आणि मार न लागता डाग आलाय. तुकडा काढून तपासायचा का?” मॅमोग्राफी स्वच्छ आली म्हणून उठू नका. हा आजार बहुधा कातडीत असतो, मॅमोग्राफीत तो दिसतोच असं नाही. पहिल्या तुकड्यात काही निघालं नाही आणि डाग वाढतोय, तर पुन्हा तपासायला सांगा. तुकड्यावर एमवायसी (MYC) या जनुकाची तपासणी केली का, तेही विचारा.

आजार ठरलाच, तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी सार्कोमाचा, म्हणजे या जातीच्या कॅन्सरचा, अनुभव असलेल्या डॉक्टरांनी स्लाईड पाहिल्यात का आणि छातीचा सीटी झाला का, हे विचारून घ्या.